सिॲटलच्या किनाऱ्यावरून ओर्का ओळखायला शिकताना

बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेलकडे नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत पहिल्या उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो: इथे ओर्का, म्हणजे किलर व्हेल, कुठे दिसतात? ग्रुपवर लगेच कुणीतरी बोटीच्या तिकिटांची लिंक टाकतो आणि विषय तिथेच संपतो. माझा सल्ला जरा वेगळा आहे. पहिला ओर्का किनाऱ्यावरून बघा, बोटीचे पैसे वाचवा, आणि जाण्याआधी तो ओळखायचा कसा हे थोडे शिकून घ्या.

हे शिकणे फक्त हौसेचे नाही, त्याला कायद्याचीही बाजू आहे. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२५ पासून ‘सदर्न रेसिडेंट’ गटातल्या ओर्कांपासून हौशी बोटींनी, अगदी कयाकनेसुद्धा, हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर दूर राहायचे असते. त्याच पाण्यात फिरणाऱ्या ‘बिग्ज’ ओर्कांसाठी हे अंतर २०० यार्ड आहे. दोन्ही काळे-पांढरे, दोन्हींचा पाठीवरचा पर (फिन) उंच, लांबून दोन्ही सारखेच. समोर कोण आहे हे कळले नाही, तर किती लांब थांबायचे हेही कळत नाही.

एकाच पाण्यातली दोन घराणी

सिॲटलच्या दक्षिणेपासून उत्तरेला व्हँकुव्हरच्याही पुढे बेटांचा आणि खाड्यांचा जो समुद्र पसरला आहे त्याला सेलिश सी म्हणतात. प्युजेट साउंड, हारो सामुद्रधुनी, वॉन डी फ्यूका सामुद्रधुनी हे सगळे त्याचेच भाग. या पाण्यात नेहमी दिसणारे ओर्का दोन घराण्यांचे आहेत.

पहिले रेसिडेंट. हे मासे खातात, त्यातही मुख्यतः चिनूक जातीचा सॅमन. इथल्या सदर्न रेसिडेंटांचे तीन गट: जे, के आणि एल पॉड. तिन्ही मिळून पंचाहत्तरच्या आसपास प्राणी उरले आहेत. अमेरिकेने २००५ साली त्यांना संकटग्रस्त जाहीर केले. १९६० आणि ७०च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांतले चाळीसहून अधिक प्राणी पकडले गेले किंवा पकडताना मेले. ती धरपकड थांबली, पण आता चिनूक कमी झाला आहे, बोटींचा आवाज वाढला आहे आणि पाण्यातली जुनी रसायने त्यांच्या चरबीत साठून राहिली आहेत. १९७०मध्ये व्हिडबी बेटाजवळच्या पेन कोव्हमध्ये पकडलेली टोकिटे ऑगस्ट २०२३मध्ये मायामीच्या मत्स्यालयात वारली. मधली त्रेपन्न वर्षे तिने टाकीतच काढली.

दुसरे बिग्ज. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘ट्रान्झियंट’ हेच नाव असते. हे सील, सी लायन, पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा लहान प्राणी) असे सस्तन प्राणी मारून खातात, सॅमनकडे ढुंकूनही बघत नाहीत. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यावर यांची संख्या साडेतीनशेच्या पुढे आहे आणि वाढते आहे, कारण सीलना कायद्याचे संरक्षण मिळाल्यापासून बिग्जना खायला मुबलक मिळते. आज सिॲटलजवळ तुम्हाला ओर्का दिसला, तर तो बिग्ज असण्याची शक्यताच जास्त.

ही दोन घराणी शेजारी राहूनही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना एकमेकांपासून पिल्ले होत नाहीत, बोली वेगळी, शिकार वेगळी, आणि जनुकीय ताटातूट लाखो वर्षांपूर्वीची. २०२४मध्ये काही शास्त्रज्ञांनी त्यांना सरळ दोन स्वतंत्र प्रजाती म्हणावे असा प्रस्ताव मांडला. नावांचा निवाडा करणाऱ्या समितीने तूर्त उपप्रजातींपर्यंत मान्यता दिली आहे. ऑफशोअर नावाचे तिसरे घराणेही आहे. ते शार्क खाते आणि खोल समुद्रात राहते, किनाऱ्यावरून क्वचितच दिसते. नवख्याने त्याची काळजी करू नये.

पायरी पहिली: कधी आणि कुठे उभे राहायचे

बिग्ज वर्षभर दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावरच्या सीलची नवी पिल्ले पाण्यात उतरू लागतात, तेव्हा बिग्जची ये-जा वाढते. रेसिडेंट पूर्वी मे ते सप्टेंबर सॅन वॉन बेटाच्या पश्चिमेला जवळजवळ रोज असायचे. फ्रेझर नदीतला चिनूक आटत गेला तसे तेही उन्हाळ्यात कमी झाले. आता त्यांना बघायचा खात्रीचा काळ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा चम जातीच्या सॅमनमागे ते प्युजेट साउंडमध्ये, सिॲटल-टकोमापर्यंत उतरतात. थोडक्यात, सुट्टी जुलैत असेल तर बिग्जची आशा धरा, आणि रेसिडेंटच बघायचे असतील तर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत रेनकोट घालून बाहेर पडा.

जागांची यादी लांब करता येईल, पण सुरुवातीला तीन-चार पुरतात.

सॅन वॉन बेटावरचा लाइम किल्न पॉइंट ही या सगळ्या किनाऱ्यावरची सर्वांत नावाजलेली जागा. १९१९चे दीपगृह, मागे जुन्या चुन्याच्या भट्ट्या, आणि पुढे खडकापासूनच सरळ खोल होत जाणारी हारो सामुद्रधुनी. पाणी कडेलाच खोल असल्यामुळे प्राणी कधी कधी खडकापासून हाकेच्या अंतरावरून जातात. अॅनाकॉर्टिसहून फेरीबोटीने फ्रायडे हार्बरला उतरायचे, तिथून सुमारे १५ किलोमीटर. उन्हाळ्यात गाडी न्यायची असेल तर फेरीचे आरक्षण आधीच करा. पार्किंगला राज्याचा डिस्कव्हर पास लागतो. फ्रायडे हार्बरमध्ये व्हेल म्युझियम आहे, लाइम किल्नला जायच्या आधी तिथे तासभर घालवलात तर पुढच्या पायऱ्या निम्म्याने सोप्या होतात.

एवढे लांब जायचे नसेल तर वेस्ट सिॲटलचा अल्काय पॉइंट, डिस्कव्हरी पार्कमधले वेस्ट पॉइंट दीपगृह, एडमंड्सचा किनारा, मोरी बेटावरचा पॉइंट रॉबिन्सन, किंवा व्हिडबी बेटाचा पश्चिम किनारा. यांतल्या बहुतेक जागांचे तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पाणी स्वच्छ दिसते. दुपारनंतर चकाकी डोळ्यांत येते आणि प्रत्येक लाट पर वाटू लागते. सकाळी लवकर जा.

फेरीला लोक विसरतात. एडमंड्स-किंग्स्टन, सिॲटल-बेनब्रिज या फेऱ्या ओर्कांच्या वाटेतूनच जातात. पायी प्रवाशाचे भाडे कमी, डेक उंच, आणि प्राणी दिसले तर कप्तान बहुधा घोषणा करतो, कधी वेगही कमी करतो. आई-बाबा भारतातून आले असतील आणि खडकांवर चढणे जमणार नसेल, तर हा मार्ग उत्तम.

व्हँकुव्हर-व्हिक्टोरियाकडच्या मंडळींसाठी सॅटर्ना बेटावरचा ईस्ट पॉइंट आणि व्हिक्टोरियाचा क्लोव्हर पॉइंट. कॅनडाचे अंतराचे नियम वेगळे आहेत आणि ते वरचेवर बदलतात, निघण्याआधी त्या हंगामाचे बघून घ्या.

पायरी दुसरी: आज ते कुठे आहेत याचा अंदाज

नुसते जाऊन उभे राहिलात तर नशिबाची गोष्ट. थोडा अभ्यास केला तर नशिबाला हातभार लागतो. व्हिडबी बेटावरची ऑर्का नेटवर्क ही संस्था लोकांनी कळवलेल्या नोंदी गोळा करून प्रसिद्ध करते. त्या नोंदीत तीन गोष्टी वाचायच्या: वेळ, जागा, दिशा. निवांत चाललेला ओर्का तासाला पाच-सहा किलोमीटर जातो. सकाळी दहाला पॉइंट नो पॉइंटपाशी ‘दक्षिणेकडे’ अशी नोंद असेल, तर तिथून एडमंड्स-किंग्स्टन फेरीची वाट बारा-तेरा किलोमीटरवर. म्हणजे बारा-साडेबारापर्यंत तुम्ही एडमंड्सच्या किनाऱ्यावर थर्मास उघडून बसलेले असायला हवे.

हे गणित रेसिडेंटांच्या बाबतीत बऱ्यापैकी जमते. बिग्ज मात्र वाटेत सील मारला की तासभर तिथेच घुटमळतात, मग आल्या वाटेने परत फिरतात. तेव्हा त्यांच्यामागे गाडी पळवत बसू नका. त्यांच्या पुढची एक जागा धरा आणि तिथेच थांबा.

पायरी तिसरी: सोबत काय हवे

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२. दहापट किंवा जास्तीची घेतली तर हात कापला की चित्र हलते, आणि वाऱ्यात हात कापतोच. कॅमेरा असेल तर ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स, शटर १/१००० किंवा त्याहून जलद, आणि सलग फोटो काढायची सोय चालू. वही-पेन्सिल. जुलैतही जाड जॅकेट, कारण हारो सामुद्रधुनीवरचा वारा कॅलेंडर बघत नाही. खायला असे काहीतरी की जे एका हाताने खाता येईल, दुसरा हात दुर्बिणीला लागतो.

ड्रोन घरीच ठेवा.

पायरी चौथी: पाणी वाचणे

नवखा माणूस दुर्बीण डोळ्याला लावूनच समुद्र शोधू लागतो आणि पाच मिनिटांत थकतो. दुर्बिणीतून एका वेळी पाण्याची चिंचोळी फाकच दिसते. आधी नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा, जवळचा पट्टा, मग मधला, मग पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. काही खटकले तरच दुर्बीण उचला.

काय खटकायला हवे? पहिला म्हणजे फवारा. ओर्काचा श्वास बुटका आणि झुडपासारखा पसरट असतो, थंड हवेत आणि गडद डोंगराच्या पार्श्वभूमीवर चांगला दिसतो. धुके असेल तर तो दिसण्याआधी ऐकू येतो, जोरात सोडलेल्या श्वासासारखा ‘फूऽस’. म्हणून अधूनमधून बोलणे थांबवून कान द्या. दुसरे म्हणजे पक्षी. गल पक्षी एकाच ठिकाणी घोंघावत पाण्यावर उतरत असतील, तर तिथे माशांचा थवा असेल किंवा बिग्जनी नुकतीच शिकार केली असेल. तिसरे म्हणजे सील. एरवी खडकावर आळसावून पडलेले सील अचानक कडेला गोळा होऊन पाण्याकडे टक लावून बसले, तर त्यांना काहीतरी कळले आहे असे समजा. चौथी खूण माणसांची: बऱ्याच बोटी एकाच दिशेला तोंड करून हळू चालल्या असतील तर त्यांच्या पुढे बघा.

मग येतात फसवणारे. या पाण्यात तरंगणारे ओंडके फार. काही उभे तरंगतात आणि लाटेबरोबर डोके वर काढतात. परीक्षा सोपी आहे: दहा सेकंद बघत राहा. पर वर येतो, पुढे सरकतो आणि जातो, ओंडका तिथेच खालीवर होत राहतो. सी लायन कळपाने पडून एक-एक पंख हवेत उभा धरतात, लांबून अगदी परांचा ताफा वाटतो. तेही जागचे हलत नाहीत.

दिसले आणि बुडाले, तर घाबरून सगळीकडे शोधू नका. ते जात होते त्याच रेषेत थोडे पुढे नजर ठेवा. रेसिडेंट तीन-चार छोटे श्वास घेऊन काही मिनिटांसाठी बुडतात. बिग्ज शिकारीवर असतील तर पाच-सात मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ वर येत नाहीत, आणि वर येतात ते कुठल्यातरी अनपेक्षित जागी. बहुतेक लोक चौथ्या मिनिटाला ‘गेले वाटते’ म्हणून गाडीकडे वळतात.

पायरी पाचवी: तो ओर्काच आहे ना?

सर्वांत जास्त घोटाळा डॉल्स पॉरपॉइजचा. तोही काळा-पांढरा, पण जेमतेम दोन मीटर लांब, आणि पळताना पाण्याचा तुरा उडवतो. दर उन्हाळ्यात कुणीतरी ‘ओर्काची पिल्ले दिसली’ म्हणून याचे व्हिडिओ टाकतो. लक्षात ठेवा, ओर्काचे पिल्लू आईला चिकटून असते. मोठा ओर्का जवळ नसताना नुसती पिल्लेच फिरत आहेत, असे होत नाही.

हार्बर पॉरपॉइज करडा, दीड मीटरचा, लहान त्रिकोणी पर. चाक फिरल्यासारखा वर येतो आणि गडप होतो. हंपबॅक व्हेल आकाराने ओर्काच्या दुप्पट, फवारा उंच, पाठीवर कुबडासारखा लहानसा पर, आणि खोल बुडी मारताना शेपटी पूर्ण वर उचलतो. मिंके व्हेलचा छोटा वाकडा पर पाठीवर बराच मागे असतो. ग्रे व्हेलला पाठीवर पर नसतोच, फक्त गाठींची रांग. वसंतात व्हिडबी बेटाच्या आतल्या बाजूला, चिखलातल्या झिंग्यांसाठी काही ग्रे व्हेल येतात, तेव्हा हा फरक कामी येतो.

एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर ही: पाठीच्या बरोबर मध्यावर, अंगाच्या मानाने उंच, काळा पर. या पाण्यात ओर्काशिवाय दुसऱ्या कुणाला तो नाही.

पायरी सहावी: नर, मादी, पिल्लू

वयात आलेल्या नराचा पर सरळ ताठ आणि १.८ मीटरपर्यंत उंच, म्हणजे बहुतेक माणसांपेक्षा उंच. मादीचा पर साधारण त्याच्या निम्मा आणि मागे झुकलेला. पण वयात न आलेल्या मुलाचा परही मादीसारखाच दिसतो. बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याचा पर झपाट्याने उंच होऊ लागतो. म्हणून उंच पर दिसला तर ‘नर’ लिहा, आखूड दिसला तर ‘मादी किंवा किशोर’ लिहा. घाईने मादी लिहिलेल्या नोंदी पुढे दुरुस्त करणाऱ्यांना त्रास देतात.

अगदी नवे पिल्लू ओळखणे सोपे आहे. त्याचे पांढरे भाग पहिले काही महिने नारिंगी दिसतात, कारण त्वचेखालची चरबी अजून पातळ असते.

कुटुंबाची रचनाही डोळ्यांना मदत करते. रेसिडेंटांत मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईपाशी राहतात. तिशी ओलांडलेला, सात मीटरचा नर आईच्या मागे-पुढे करताना दिसतो, आणि आपल्याकडच्या कुठल्याही सासूला ते बघून समाधान वाटेल. म्हाताऱ्या माद्यांची पिल्ले व्हायची थांबतात, पण त्या पुढे बरीच वर्षे जगतात, आणि सॅमन कमी असलेल्या वर्षांत गटाच्या पुढे बहुधा त्याच असतात. तेव्हा मोठा नर दिसला की त्याच्यावरच खिळून राहू नका. त्याच्या आसपास आखूड पराची जी मादी सर्वांत पुढे आहे तिच्याकडे बघा. घर तिचे आहे.

पायरी सातवी: रेसिडेंट की बिग्ज?

इथे थोडे रेंगाळू या, कारण सगळा लेख यासाठी आहे.

पहिली खूण पराचे टोक. रेसिडेंट मादीच्या पराचे टोक गोलसर आणि मागे वळलेले. बिग्ज मादीचा पर बुडाशी रुंद, टोक अणकुचीदार, आणि कडेला बहुधा खाचा. सील आणि सी लायन मुकाट्याने मरत नाहीत, खाचा त्या झटापटीच्या.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची, सॅडल पॅच. पराच्या मागे पाठीवर जो राखाडी डाग असतो त्याला इथे सॅडल म्हणतात. काही रेसिडेंटांच्या सॅडलमध्ये काळा रंग आत घुसलेला असतो, म्हणून राखाडी भागाला आकड्यासारखा किंवा स्वल्पविरामासारखा आकार येतो. याला उघडा सॅडल म्हणतात. बिग्जचा सॅडल भरीव, मोठा, आणि पराच्या बुडाखाली बराच पुढे आलेला. म्हणजे उघडा सॅडल दिसला तर रेसिडेंट म्हणायला हरकत नाही. भरीव दिसला तर मात्र थांबा, कारण रेसिडेंटांतही कित्येकांचा सॅडल भरीव असतो. मग बाकीच्या खुणा जोडा.

तिसरी खूण वागणे. बिग्ज तीन ते सहाच्या छोट्या गटात, एकमेकांजवळ, किनाऱ्याला घासून, खाडीत आत शिरत, सीलच्या खडकांना वळसा घालत जातात. शिकारीवर असताना गप्प असतात, कारण सीलला पाण्याखाली चांगले ऐकू येते. रेसिडेंट मोठ्या गटात, कधी किलोमीटरभर पसरून, सामुद्रधुनीच्या मधून जातात आणि पाण्याखाली त्यांची बडबड सतत चालू असते. उड्या, शेपटीचे फटके, डोके उभे काढून बघणे हे दोन्हींत दिसते. पण तासभर चोरपावलांनी चाललेल्या चौघांनी एकदम शेपट्या आपटायला सुरुवात केली आणि वर गल जमले, तर जेवण झाले आहे आणि ते बिग्ज आहेत.

एकाच खुणेवर निर्णय देऊ नका. दोन जुळल्या तर बोला, तीन जुळल्या तर लिहा. आणि बोटीत असाल व खात्री नसेल, तर रेसिडेंटच समजून हजार यार्डांचे अंतर धरा.

पायरी आठवी: नाव आणि क्रमांक

प्रत्येक ओर्काचा सॅडल वेगळा, पराच्या खाचा वेगळ्या. यावरून एकेक प्राणी ओळखता येतो हे कॅनडाचे शास्त्रज्ञ मायकल बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. तोवर लोकांना वाटे की इथे हजारो ओर्का आहेत, पकडले तर बिघडले काय. फोटो लावून मोजले तेव्हा कळले की काही शेच आहेत. अमेरिकेच्या बाजूला केन बाल्कम यांनी १९७६मध्ये अशीच मोजणी सुरू केली, आणि त्यांची सेंटर फॉर व्हेल रिसर्च ही संस्था आजही सदर्न रेसिडेंटांची वंशावळ ठेवते. बिग १९९०मध्ये गेले. सस्तन प्राणी खाणाऱ्या घराण्याला त्यांचे नाव मिळाले ते त्यानंतर.

क्रमांक वाचायला सोपे आहेत. रेसिडेंटांत अक्षर पॉडचे: जे३५ म्हणजे जे पॉडमधली पस्तीस क्रमांकाची. हीच ती टालेक्वा, जिने २०१८मध्ये मेलेले पिल्लू सतरा दिवस डोक्यावर वागवले. बिग्जचे क्रमांक टी अक्षराने सुरू होतात आणि त्यांत आईचे नाव गुंफलेले असते. टी६५ ही आई, टी६५ए तिचे पहिले नोंदलेले पिल्लू, आणि टी६५ए५ हे त्या टी६५एचे पाचवे. नुसत्या क्रमांकावरून आजीपर्यंत पोचता येते.

नवख्याने पहिल्या दिवशी क्रमांक सांगायचा हट्ट धरू नये. पण एक-दोन ओळखीचे चेहरे ठेवायला हरकत नाही. टी६३, टोपणनाव चेनसॉ. या थोराड नराच्या परात वरच्या भागात दोन खोल खाचा आहेत, इतक्या ठळक की नुसत्या काळ्या आकृतीवरूनही तो ओळखता येतो. इकडे तो फार वेळा येत नाही, म्हणून त्याची बातमी आली की अनुभवी लोकसुद्धा काम टाकून किनाऱ्यावर पळतात.

फोटो काढताना डोके किंवा उडी टिपायच्या नादात राहू नका. पर आणि सॅडल एकाच चौकटीत, प्राणी तुम्हाला आडवा असताना. डावी आणि उजवी बाजू वेगळी असते, शक्य असेल तर दोन्ही घ्या. एकच मिळाली तर कोणती ते लिहून ठेवा. अस्पष्ट फोटो लगेच पुसू नका. खाच दिसत असेल तर तोही उपयोगी पडतो.

कानांनी ओळखणे

घरबसल्याही सराव होतो. ऑर्कासाउंड या प्रकल्पाचे पाण्याखालचे माइक सॅन वॉन बेटापाशी, पोर्ट टाउनसेंडला आणि व्हिडबीच्या बुश पॉइंटला आहेत आणि कुणालाही ते थेट ऐकता येतात. रेसिडेंटांच्या प्रत्येक पॉडची बोली वेगळी. जे पॉडच्या तोंडी एस१ नावाची हाक सारखी असते, के पॉडच्या एस१६, एल पॉडच्या एस१९. आधी नमुने ऐकून ठेवा. पहिले काही दिवस फक्त जहाजांची घरघर ऐकू येईल. त्या घरघरीतच त्यांना सॅमन शोधावा लागतो हेही त्यातून कळते.

बोटीने जायचेच असेल तर

कोकणात कर्दे-मुरुडला किंवा तारकर्लीला डॉल्फिन बघितलेल्यांना सवय असते ती नावेत बसून ‘अजून जवळ घ्या’ म्हणायची. इथे तसे म्हणू नका. चांगला बोटवाला आधी प्राणी कोणते आहेत ते ओळखतो, रेसिडेंट असतील तर प्रवाशांना सांगून दुसरीकडे वळतो. तिकीट काढण्याआधी हाच प्रश्न विचारा: रेसिडेंट भेटले तर काय करता? गोलमाल उत्तर आले तर दुसरा बोटवाला बघा.

स्वतःची किंवा भाड्याची बोट असेल तर रेसिडेंटांपासून अर्ध्या सागरी मैलाच्या आत वेग सात नॉटच्या खाली. त्यांच्या वाटेत पुढे जाऊन थांबायचे नाही. तेच तुमच्याकडे आले तर सुरक्षित असेल तिथे इंजिन न्यूट्रलला टाकून त्यांना जाऊ द्यायचे. जखमी किंवा किनाऱ्याला लागलेला प्राणी दिसला तर हात न लावता सागरी प्राण्यांच्या बचाव क्रमांकावर फोन करा, त्याला पाण्यात ढकलायला जाऊ नका.

नोंद कशी लिहायची

दिसले की कळवा. ऑर्का नेटवर्कला कळवता येते, किंवा ओशन वाइज या कॅनडाच्या संस्थेच्या व्हेल रिपोर्ट ॲपवर. त्या ॲपवरची नोंद मोठ्या जहाजांच्या कप्तानांपर्यंत जाते आणि ते वेग कमी करू शकतात किंवा वळसा घेऊ शकतात. म्हणून ही नोंद घरी जाऊन रात्री टाकण्यापेक्षा तिथेच उभे राहून टाकावी. फोटो नंतर जोडले तरी चालतात.

‘आज ओर्का दिसले, खूप मजा आली’ ही नोंद नाही. कामाची नोंद अशी असते:

‘सकाळी १०:४०, एडमंड्सच्या मासेमारीच्या धक्क्यावरून. किमान पाच. एक नर, उंच पर, टोकाजवळ खाच. तीन मादी किंवा किशोर. एक पिल्लू, नारिंगी छटा. किनाऱ्यापासून अंदाजे ४०० मीटर, उत्तरेकडे, सावकाश. बुडी सहा मिनिटांची. सॅडल भरीव. बहुधा बिग्ज, खात्री नाही. डाव्या बाजूचे फोटो आहेत.’